सही करणाऱ्याने वाचले होते का?



आज आम्ही तुम्हांला एक खरी घडलेली हकीकत सांगणार आहोत. ती घडली दूर अमेरिकेत. पण ती सांगण्याचे कारण मात्र इथलेच आहे. ते आधी सांगतो.

आमच्या वाचनवर्गाला एक गृहस्थ येतात. वय साठीच्या पुढे. आताशा त्यांना जोडाक्षरे वाचता येऊ लागली आहेत. एके संध्याकाळी वर्ग सुटला. सगळे गेले. हे मात्र घुटमळत राहिले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक लिफाफा काढला आणि आम्हांला म्हणाले, "गुरुजी, हे जरा बघता का? तीन आठवडे झाले, देवाच्या फोटोमागं खोचून ठेवलंय. घरात कुणाला सांगितलं नाही."

आम्ही म्हणालो, "आता तुम्हांला वाचता येतं. तुम्हीच वाचा. अडेल तिथं आम्ही आहोत."

त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचले. वाचता वाचता कपाळाला घाम आला. घर बांधायला त्यांनी कर्ज काढले होते. घर कर्जाला गहाण होते. हप्ते थकले होते. साठ दिवसांत सारी रक्कम भरा, नाही तर घराचा ताबा घेऊ, अशी ती नोटीस होती. साठांपैकी एकवीस दिवस फोटोमागे निघून गेले होते.

लिफाफा मिटून ते म्हणाले, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आणि चढलो तरी गरिबाचा वकील कोण होणार? फुकट कोण उभा राहतो हो?"

मंडळी, त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही हकीकत ऐका.

घरे गहाण पडली

अमेरिकेतही बहुतेक माणसे कर्ज काढूनच घर घेतात. कर्ज फेडायला बहुधा तीस वर्षांची मुदत असते. दर महिन्याला हप्ता. कर्ज फिटेपर्यंत घर गहाण. हप्ते थकले की सावकार घर ताब्यात घेऊन विकू शकतो. तिथला सावकार म्हणजे गावातला चोपडीवाला नव्हे. बँका आणि कर्ज देणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या हेच तिथले सावकार.

२००८ सालाच्या आधी काही वर्षे या सावकारांनी हात सैल सोडला होता. फेडण्याची ऐपत नाही अशांनाही कर्जे दिली. पहिली दोन-तीन वर्षे हप्ता लहान आणि पुढे एकदम मोठा, अशीही कर्जे पुष्कळांच्या गळ्यात घातली. माणसांना वाटले, घराची किंमत चढतेच आहे, काही ना काही निभावेल. पण किमती उतरल्या. कारखाने आणि दुकाने बसली. लोकांची कामे सुटली. लाखो घरांचे हप्ते थकले.

त्यातही एक गुंता होता. मूळ सावकाराने ते कर्ज दुसऱ्याला विकलेले असे. दुसऱ्याने तिसऱ्याला विकलेले असे. पैशाचा धनी एक, हप्ते गोळा करणारी कंपनी दुसरीच. आपण नेमके कुणाचे देणे लागतो, हे पुष्कळ कर्जदारांना सांगता येत नव्हते. कागद या हातातून त्या हातात फिरत होते.

अमेरिकेत या बाबतीत सगळीकडे एक कायदा नाही. राज्याराज्याचा कायदा वेगळा. काही राज्यांत सावकाराला कोर्टात न जाताही घर विकता येते. काही राज्यांत मात्र कोर्टाचा निकाल लागतो. मेन नावाचे एक राज्य आहे. देशाच्या ईशान्य टोकाला. थंड मुलूख, हिवाळाभर बर्फ. तिथे सावकाराला कोर्टातच जावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, कोर्ट आहे म्हणजे न्याय आहे. मग काळजी कसली? इथेच खरी गोम आहे.

न आलेला माणूस हरतो

कोर्टात सावकाराचा वकील एक प्रतिज्ञापत्र देई. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर लिहून दिलेली गोष्ट. त्यात कंपनीचा अधिकारी लिहून देई, की मी स्वतः कंपनीच्या वह्या तपासल्या आहेत, हे कर्ज आमचे आहे, अमुक हप्ते थकले आहेत, अमुक रक्कम येणे आहे. खाली त्याची सही. ही सही माझ्या समक्ष झाली, असे नोटरीने लिहिलेले.

असा शपथेचा कागद समोर आला आणि दुसऱ्या बाजूने कुणी काही बोललेच नाही, तर न्यायाधीश काय करणार? कागद खरा धरणार. साक्षीपुरावा घ्यायची गरज उरत नाही. निकाल लागतो. घर जाते.

आणि दुसऱ्या बाजूने बहुतेक वेळा कुणी येतच नसे. देणेकरी घरी बसून राही. का? एक तर वकिलाला द्यायला पैसे नाहीत. हप्त्यालाच पैसे नाहीत, तिथे फी कुठून देणार? दुसरे म्हणजे लाज. आपण देणे लागतो, मग कोणत्या तोंडाने कोर्टात जायचे, असे वाटे. पुष्कळांना पाकीट फोडायचीही भीती वाटे. अमेरिकेतली ती माणसे शिकलेली होती. त्यांना वाचता येत होते. तरी पाकिटे न फोडता पडून राहत. तेव्हा आपल्या गृहस्थांनी लिफाफा फोटोमागे खोचला, यात त्यांचाच काही मोठा गुन्हा झाला असे नाही. भीती सगळीकडे सारखीच.

वकील पुढे आले

अशा वेळी अमेरिकेतल्या कित्येक गावांत वकील पुढे आले. फी न घेता ते कर्जदाराच्या बाजूने उभे राहिले. फिलाडेल्फिया या शहराच्या न्यायालयाने २००८ साली एक नियमच केला. घर लिलावात काढण्याआधी सावकार आणि घरधनी यांनी कोर्टात समोरासमोर बसायचे आणि तडजोडीचा मार्ग काढता येतो का, ते पाहायचे. तिथे गरिबांच्या मदतीला असे वकील आणि हिशेब समजावून देणारे सल्लागार बसू लागले. मेन राज्यातही समोरासमोर बसण्याची अशी सोय २०१० च्या आरंभापासून सगळ्या राज्यभर झाली.

हे वकील काय करत? काही जादू नाही. घरधन्याला शेजारी बसवून कागद वाचत. हिशेब ताडून पाहत. व्याज बरोबर लावले आहे का? भरलेले हप्ते जमा धरले आहेत का? दंड भलताच आकारला आहे का? मग मुदतीत लेखी उत्तर देत. हप्ता कमी करा, मुदत वाढवा, अशी मागणी करत. जिथे घर राहणे शक्यच नसे, तिथे निदान दुसरी जागा शोधायला चार महिने मिळवून देत.

मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरी थॉमस कॉक्स नावाचे एक वकील होते. त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तरुणपणी ते बँकेच्या बाजूचे वकील होते. थकलेली कर्जे वसूल करणे हेच त्यांचे काम. माणसांची दुकाने आणि घरे ताब्यात घेण्याचे खटले त्यांनी चालवले. ते काम त्यांच्या मनाला लागले. मन खचले. त्यांनी वकिली सोडली आणि सुतारकाम हाती धरले. पुढे २००८ साली, साठी उलटल्यावर, ते पुन्हा वकिलीकडे वळले. या वेळी बाजू बदलली. गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या पाइन ट्री लीगल असिस्टन्स या संस्थेत जाऊन ते म्हणाले, मी पगार न घेता काम करतो. ज्या हातांनी घरे घेतली, त्याच हातांनी ती वाचवायला ते लागले. सावकाराचे कागद कसे तयार होतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

एका लहान घराचा कागद

त्याच राज्यात डेन्मार्क नावाचे एक लहान खेडे आहे. तिथे एका बाईचे साधे घर होते. पंचाहत्तर हजार डॉलरला घेतलेले. तिकडच्या मानाने ही किंमत थोडीच. पुढे बाईचे काम सुटले आणि हप्ते थकले. कर्ज वसूल करणाऱ्या कंपनीमार्फत दावा लागला. बाईला वकील नव्हता. खटला जवळजवळ हरल्यातच जमा होता.

तो कागद कॉक्स यांच्या हाती आला. त्यांनी तो सावकाश वाचला. वाचता वाचता सहीखालच्या हुद्द्यावर त्यांचे बोट थांबले. सही करणाऱ्याचा हुद्दा काय लिहिला होता, ठाऊक आहे? 'मर्यादित सही अधिकारी.' म्हणजे याला सहीपुरताच अधिकार.

कॉक्स यांच्या मनात आले, ज्याचे काम नुसती सही करणे, त्याने या बाईच्या हिशेबाची वही कधी पाहिली असेल? मग तो शपथेवर असे कसे म्हणतो, की मला हे स्वतः ठाऊक आहे?

त्यांनी त्या अधिकाऱ्याला जबानीसाठी बोलावण्याची मागणी केली. ७ जून २०१० या दिवशी जबानी झाली. कॉक्स यांनी साधे साधे प्रश्न विचारले. हा कागद तुम्ही पूर्ण वाचता का? सोबत जोडायचे कागद जोडले आहेत की नाहीत, ते पाहता का? नोटरीच्या समोर बसून सही करता का?

त्या माणसाने शपथेवर खरे ते सांगून टाकले. रकमेचे आकडे तेवढे पाहतो. बाकी मजकूर पूर्ण वाचत नाही. जोडलेले कागद पाहत नाही. नोटरीच्या समोर सही करत नाही. सही करून कागद पुढे जातात, शिक्का मागाहून बसतो. आणि असे कागद किती? महिन्याला आठ-दहा हजार!

मंडळी, इथे आपण जरा हिशेब करू. आठ हजारच धरा. महिन्याचे कामाचे दिवस बावीस. रोज आठ तास. एका कागदाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही. दीड मिनिटात आपल्याला एक परिच्छेद वाचून होत नाही. तेवढ्यात तिथे एका कुटुंबाच्या घराचा निकाल ठरत होता.

पुढे काय झाले

ब्रिजटन गावच्या न्यायालयात हे प्रकरण होते. न्यायाधीश होते कीथ पॉवर्स. २४ सप्टेंबर २०१० ला त्यांनी आदेश दिला. त्या खोट्या प्रतिज्ञापत्रावर आधी मिळालेला निकाल त्यांनी रद्द केला. कंपनीने हे सद्‌हेतूने केले नाही, असा ठपका ठेवला. बाईच्या बाजूचा खर्च दावा लावणाऱ्या बाजूने द्यावा, असे सांगितले. आणखीही एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली. २००६ सालीच फ्लोरिडा राज्यात ही कंपनी अशाच कागदांपायी पकडली गेली होती. तरी तिने आपली रीत सोडली नव्हती.

एका लहान घराच्या कागदाने मग सारा देश हलला. त्याच सप्टेंबरात त्या कंपनीने तेवीस राज्यांत घरे खाली करून घेण्याचे काम थांबवले. पाठोपाठ दुसऱ्या मोठ्या बँकांनीही हात आवरला, कारण त्यांच्याकडेही न वाचता सह्या होत होत्या. ऑक्टोबर २०१० मध्ये पन्नासही राज्यांच्या सरकारी वकिलांनी मिळून चौकशी सुरू केली. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच सर्वांत मोठ्या सावकारांशी समझोता झाला. रक्कम होती सुमारे पंचवीस अब्ज डॉलर, म्हणजे अडीच हजार कोटी डॉलर.

आता खरे ते सगळे सांगितले पाहिजे. कर्ज माफ झाले का? नाही. कर्ज ते कर्जच. पुष्कळ ठिकाणी सावकारांनी कागद नीट करून पुन्हा दावे लावले आणि घरे गेली. कितीतरी घरे तर आधीच गेली होती. वकील आला म्हणून देणे बुडत नाही. ते बुडावे असेही आम्ही म्हणणार नाही. घेतले ते फेडलेच पाहिजे.

त्या वेळी तिकडे काही जण म्हणत, "देणे तर खरेच होते ना? मग सही वाचून केली की न वाचता केली, याचा एवढा बाऊ कशाला?" यावर आमचे म्हणणे असे. देणे खरे आहे की नाही, किती आहे, कुणाला द्यायचे आहे, हे ठरवण्यासाठीच तर कोर्ट असते. कोर्ट सगळ्यांच्या वह्या तपासायला जाऊ शकत नाही. ते शपथेवर भरवसा ठेवते. 'मी पाहिले' असे शपथेवर लिहून न पाहणाऱ्याने तो भरवसाच मोडला. गरिबाने हप्ता चुकवला तर त्याचे घर जाते. मग श्रीमंताने शपथ चुकवली तर त्याला कुणी विचारूच नये काय?

आपल्यासाठी काय?

आपल्या मुलखालाही कागदाचा हा जाच नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. सावकारांच्या घरातली कर्जाची खते बाहेर काढून त्यांनी जाळली. त्या खतांवर पुष्कळांचे अंगठे होते, आणि आत काय लिहिले ते त्यांना वाचता येत नव्हते. जाळल्याने काही दिवस राग शांत झाला. पण जाळपोळ करणारे तुरुंगात गेले. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खतात काय लिहिले आहे तेवढेच न पाहता, व्यवहार मुळात कसा झाला ते कोर्टाने तपासावे, असे त्या कायद्याने ठरवले. कागद जाळून जे साधले नाही, ते कागद तपासून थोडे तरी साधले.

आता त्या गृहस्थांच्या नोटिशीकडे वळू. इथे एक सावधगिरीची गोष्ट आहे. मेन राज्यात सावकाराला कोर्टात जावेच लागते. आपल्याकडे तसे नाही. २००२ सालच्या एका कायद्याप्रमाणे बँकेला किंवा मोठ्या वित्त कंपनीला घरकर्जाच्या गहाण घराचा ताबा घ्यायला आधी दावा लावावा लागत नाही. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, घराला आहे. म्हणून आपल्याकडे वाट पाहत बसणे जास्तच धोक्याचे. चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. साठ दिवसांची नोटीस आली की त्याच दिवशी वाचा आणि तारीख लिहून ठेवा.

दुसरी. नोटिशीला लेखी उत्तर देता येते. हिशेब मान्य नसेल तर तसे लिहा. अडचण असेल तर ती लिहा. तुमचे म्हणणे मान्य नसेल, तर उत्तर मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने कारण लेखी कळवायचे असते. तुमच्या उत्तराची पोच जपून ठेवा.

तिसरी. बँकेने ताब्याचे पाऊल उचललेच, तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पंचेचाळीस दिवस म्हणजे पंचेचाळीसच.

चौथी. वकील नाही म्हणून अडून बसू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे गरिबाला मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना तर उत्पन्न न पाहता ही मदत मिळते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

ते गृहस्थ दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेले. जाताना थोरल्या सुनेला बरोबर घेतले. घरात कुणाला सांगितले नव्हते ना? त्या रात्री सगळ्यांना सांगितले. म्हणाले, "सांगितलं तशी छातीवरची धोंड उतरली." समितीच्या वकीलबाईंनी नोटीस वाचली, पावत्या मागवल्या. ट्रंकेतल्या पावत्या लावता लावता दोन हप्ते असे सापडले, की जे भरले होते पण हिशेबात धरलेले नव्हते. लेखी उत्तर मुदतीत गेले. प्रकरण अजून मिटलेले नाही. घर राहीलच, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण आता ते फोटोमागे लपलेले नाही. ते टेबलावर आले आहे.

त्या उत्तराखाली सही करायची वेळ आली, तेव्हा कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे केला. गृहस्थ म्हणाले, "थांबा. आधी वाचतो." कागद दोन पानांचा होता. त्यांना पाऊण तास लागला. कारकून खोळंबला, बाकावरचे लोक चुळबुळू लागले. त्यांनी घाई केली नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा त्यांनी पेन मागितले आणि स्वतःचे नाव लिहिले.

मंडळी, महिन्याला आठ हजार सह्या करणाऱ्या त्या साहेबाची सही आणि पाऊण तास वाचून केलेली ही एक सही, दोन्ही ताजव्यात घाला. कोणते पारडे जड, ते तुम्हीच ठरवा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे उगाच भांडण उकरून काढणाऱ्याला सांगितलेले शहाणपण आहे. ज्याच्या दारात नोटीस आली, त्याने पायरी चढलीच पाहिजे. फक्त चढण्याआधी वाचावे, विचारावे आणि एकट्याने जाऊ नये.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. घरी गेल्यावर देवाच्या फोटोमागे एकदा हात घालून पाहा.